‘बायकांचं काहीतरी’ : दोन शब्दांचा दीडशे वर्षांचा इतिहास

ज्यांना लोकलच्या गर्दीत हा भाग नीट ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोललो तसंच ठेवलंय. मधले ‘अ‍ॅक्च्युअली’ आणि चहाचे घोट तेवढे गाळलेत.

सुरुवात घरातून करतो. गेल्या पावसाळ्यात मला व्हॉट्सअ‍ॅपवर आईचा एक फोटो आला. आम्ही खारघरला एकाच फ्लॅटमध्ये राहतो. ती स्वयंपाकघरात होती, मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलो होतो. मध्ये फक्त एक भिंत. तरी तिने फोटो पाठवला. सोनोग्राफीचा रिपोर्ट होता आणि खाली एक ओळ : ‘याचा अर्थ काय ते बघ. बायकांचं काहीतरी आहे.’

रिपोर्टमध्ये तीन शब्द होते. बल्की युटेरस, अ‍ॅडिनोमायोसिस, नेबोथियन सिस्ट. मी बीटेक झालोय, दिवसभर एरर मेसेज वाचतो, पण यातलं मला ओ की ठो कळलं नाही. मी आत जाऊन विचारलं, “आई, कधीपासून त्रास होतोय?” ती पोळी लाटत म्हणाली, “झालं असेल दीड वर्ष. पाळीला खूप जातं. मावशी म्हणाली, पिशवी काढून टाक, कटकट संपेल.”

दीड वर्ष! घरात तीन स्मार्टफोन, चोवीस तास वायफाय, आणि आईला दीड वर्ष होणारा रक्तस्राव मला माहीत नव्हता. मग मी त्या तीन शब्दांचा अर्थ शोधायला बसलो आणि हळूहळू दुसऱ्याच प्रश्नात अडकलो. आपल्या मराठी घरांत हे ‘बायकांचं काहीतरी’ आलं कुठून? आणि त्याची किंमत कोणी मोजली? आजचा भाग त्याबद्दल.

१८८३ : बाईने सांगायचं कुणाला?

खारघरपासून फार लांब नाही, कल्याण. आनंदीबाई जोशींचं माहेर तिथलं. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि दहा दिवसांत ते गेलं. पुढे १८८३ साली, अमेरिकेला जाण्याआधी, बंगालमध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी एक भाषण केलं. मी परदेशी का जाते, हे त्यांना लोकांना सांगायचं होतं. त्यांच्या बोलण्याचा गाभा असा : हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची नितांत गरज आहे आणि ती भागवायला मी तयार आहे.

१८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पण १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, क्षयाने त्या गेल्या. एकाही पेशंटसाठी दवाखाना उघडता आला नाही.

त्या डॉक्टर झाल्या त्याच वर्षी मुंबईत बायका-मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. तिथल्या डॉ. एडिथ पीची यांच्या पाठिंब्यावर रखमाबाई लंडनला शिकायला गेल्या. १८९४ साली डॉक्टर होऊन परतल्या आणि पुढची कित्येक वर्षं त्यांनी सुरत-राजकोटला काम केलं. म्हणजे ‘सांगायचं कुणाला’ या प्रश्नाला उत्तर मिळायला लागलं होतं.

पण सांगायचं तर शब्द लागतात, आणि आपल्याकडचे शब्द बघा. पाळी आली तर ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची झाली’, ‘अडचण आहे’. लघवीला जळजळ झाली तर ‘उन्हाळी लागली’. हा शेवटचा शब्द मला फार रोचक वाटतो. ऐकलं की वाटतं, ऋतूचा दोष असेल, सब्जाचं पाणी प्यावं. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा मूत्रमार्गाचं इन्फेक्शन असतं. बायकांचा मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोचतात. पाणी भरपूर प्यावंच, पण ताप आला, पाठीत दुखलं किंवा लघवीतून रक्त गेलं तर ते ‘उन्हाळी’ म्हणून सोडून द्यायचं नसतं.

१९३४ : सरळ शब्द कोर्टात

मग कोणीतरी सरळ शब्द वापरले असतील ना? वापरले. आणि त्यांच्यावर खटला झाला.

रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, पेशाने गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक काढलं. त्यात वाचकांचे प्रश्न यायचे. शरीराबद्दल, संबंधांबद्दल, आजारांबद्दल. आज आपण रात्री दोन वाजता इनकॉग्निटो टॅबमध्ये विचारतो ना, तसे. कर्वे त्यांची छापील उत्तरं द्यायचे, आडपडदा न ठेवता.

१९३४ साली याच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील होत नाही, आणि लोक प्रश्न विचारतात तर जाणकाराने उत्तर द्यायला हवं, अशी बाजू त्यांनी मांडली. खटला हरले. कर्व्यांना दंड झाला. तरी मासिक १९५३ मध्ये कर्वे वारले तोपर्यंत चालू राहिलं.

म्हणजे डॉक्टर मिळत होते, पण अवयवाचं नाव छापणं हा गुन्हा ठरत होता. अशा समाजात बाई शेजारणीला काय सांगणार? ‘बायकांचं काहीतरी आहे.’ बस्स.

१९८९ : दोन गावं आणि एक आकडा

आता पन्नास वर्षं पुढे आणि महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला चला. गडचिरोली. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. डॉ. राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ.

त्या काळात सरकारी भाषेत ‘महिला आरोग्य’ म्हटलं की साधारण दोन गोष्टी असायच्या : बाळंतपण आणि कुटुंब नियोजन. बाई गरोदर असेल तर मोजायची, ऑपरेशनला आली तर मोजायची. मधल्या आयुष्याचा हिशेब नाही. जे आकडे होते ते बहुतेक दवाखान्यातले, म्हणजे ज्या बायका मुळात दवाखान्यात पोचल्या त्यांचे. आमच्या भाषेत सांगायचं तर ज्या युजरने तक्रार केली तेवढेच बग मोजायचे आणि बाकी अ‍ॅप मस्त चाललंय म्हणायचं.

बंग दांपत्याने उलटं केलं. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या बायकांना, त्रास असो वा नसो, तपासणीला बोलावलं. ६५० बायका तपासल्या गेल्या. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजारांपैकी काही ना काही होतं. एकेका बाईला सरासरी ३.६ आजार. निम्मा वाटा जननमार्गाच्या इन्फेक्शनचा. आणि याआधी स्त्रीरोगाची तपासणी वा उपचार झालेल्या बायका? जेमतेम ८ टक्के.

अजून एक आकडा आहे, आणि माझ्या मते तोच या भागाचा कणा आहे. तक्रार आहे असं सांगणाऱ्या बायका ५५ टक्के होत्या. उरलेल्या ४५ टक्क्यांना आपल्याला काही त्रास आहे असं वाटतच नव्हतं. पांढरं जाणं, कंबर भरून येणं, ओटीपोटात दुखणं हे बाईच्या जन्माला पुजलेलंच, अशी समजूत असेल तर बाई त्याला आजार म्हणणार तरी कशी?

डॉ. राणी बंग यांनी पुढे बायका स्वतःच्या शरीराबद्दल काय बोलतात, काय मानतात, ते वर्षानुवर्षं ऐकून ‘कानोसा’ या पुस्तकात मांडलं. नावच किती नेमकं. कानोसा घ्यायचा म्हणजे जे मोठ्याने बोललं जात नाही ते ऐकायचं.

इथे थोडं थांबून बायकांचे शब्द आणि डॉक्टरांचे शब्द शेजारी-शेजारी ठेवू या.

‘पांढरं जातं’ याला रिपोर्टात ल्युकोरिया म्हणतात, आयुर्वेदात श्वेतप्रदर. थोडा, पाण्यासारखा किंवा अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, वास नसलेला स्राव सगळ्यांनाच होतो, तो आजार नाही. रंग पिवळा-हिरवा, दुर्गंधी, खाज, दह्याच्या कवडीसारखा पोत, असं असेल तर इन्फेक्शन असू शकतं आणि त्यावर औषध आहे.

‘अंग बाहेर येतं’ म्हणजे प्रोलॅप्स. गर्भाशयाला धरून ठेवणारे स्नायू आणि बंध सैल होऊन ते खाली सरकतं. वारंवारची बाळंतपणं, बाळंतपणानंतर लगेच उचललेली जड ओझी, सततचा खोकला ही कारणं. सुरुवातीच्या टप्प्यात व्यायामाने फरक पडतो.

‘खूप जातं’ म्हणजे मेनोरेजिया. सात दिवसांहून जास्त रक्त जाणं, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागणं, मोठ्या गाठी पडणं, ही त्याची ओळख. रक्त गेलं की हिमोग्लोबिन उतरतं. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ च्या खाली असलं तर अ‍ॅनिमिया. आपण घरात म्हणतो, “आई हल्ली फार चिडचिड करते, जिना चढताना दमते.” अरे, रक्त कमी असेल तिचं! एक साधी तपासणी आहे.

आणि ‘पाळी गेली’ म्हणजे मेनोपॉज. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. त्यानंतर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी डॉक्टर गाठायचा. “परत सुरू झाली वाटतं” म्हणून हसण्यावारी न्यायचं नाही. हे वाक्य आज घरी जाऊन नक्की सांगा.

१९९९ : त्रास नसताना तपासणी

खारघरला रिक्षावाल्याला नुसतं ‘टाटा’ म्हटलं तरी तो बरोबर नेतो. सेक्टर २२ मधलं अ‍ॅक्ट्रेक, टाटा मेमोरियल सेंटरचं कॅन्सर उपचार आणि संशोधनाचं केंद्र. स्टेशनवर फायलींच्या पिशव्या छातीशी धरलेली गावाकडची माणसं रोज दिसतात. त्यांच्याकडे बघून मी कधी विचार केला नव्हता की याच टाटाने मराठवाड्यात एक मोठं काम केलंय.

१९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक अभ्यास सुरू झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था मिळून. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका, चार गटांत. विषय होता गर्भाशयमुखाचा कॅन्सर. गर्भाशयमुख म्हणजे सर्व्हिक्स, गर्भाशयाचं योनीत उघडणारं तोंड.

तीन गटांत तीन तपासण्या. पहिली पॅप टेस्ट : गर्भाशयमुखाच्या पेशी अलगद खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. दुसरी व्हीआयए : तिथे व्हिनेगरसारखं पातळ अ‍ॅसिड लावायचं, मिनिटभरात पांढरा डाग उठला तर पुढे तपासायचं. तिसरी एचपीव्ही टेस्ट : हा कॅन्सर ज्यामुळे होतो तो विषाणू आहे का ते शोधायचं. चौथ्या गटाची अभ्यासात तपासणी झाली नाही, नेहमीची सेवा तेवढी. या चौथ्या गटाबद्दल पुढे नैतिकतेचे प्रश्न उपस्थित झाले आणि ते व्हायलाच हवे होते. आपण जे ज्ञान वापरतो त्याची किंमत कोणीतरी मोजलेली असते.

निकाल एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायकांच्या गटात या कॅन्सरने ६४ मृत्यू. आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट झालेल्या ३४,१२६ बायकांच्या गटात ३४. साधारण निम्मे. तुळजापूर-उमरग्याकडच्या बायकांनी दिलेल्या या उत्तराचा दाखला पुढे जगभर दिला गेला.

आता या विषाणूवर लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. पण लस घेतली तरी तपासणी सुटत नाही, हे लक्षात ठेवा.

२०१९ : सोपा शब्द, महाग शब्द

इथपर्यंत वाटत होतं, चला, गोष्ट सरळ आहे. अवघड शब्द सोपे केले की काम झालं. मग मला मावशीचं वाक्य आठवलं. “पिशवी काढून टाक.”

‘पिशवी’ हा शब्द सगळ्यांना कळतो. याहून सोपा शब्द नाही. आणि याच शब्दाने बीड जिल्ह्यात काय केलं ते बघा.

दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीडमधून ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादम आधी उचल देतो, ती कामातून फेडायची. एक दिवस काम बुडलं तर ‘खाडा’, म्हणजे पैसे कापले जाणार. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीत विश्रांती नाही, पहाटे उठून मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रक भरायचा. इन्फेक्शन होणारच. बाई पांढरं जातं म्हणून डॉक्टरकडे गेली की अनेकींना सांगितलं गेलं : पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल.

२०१९ मध्ये हे प्रकरण गाजलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे सहातली एक. देशपातळीवर, २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण साधारण ३ टक्के होतं. नंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली.

‘पिशवी’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? रिकामी झाली की घडी घालून ठेवायची किंवा टाकून द्यायची वस्तू. मुलं झाली, आता काय काम तिचं? पण गर्भाशय काढणं, म्हणजे हिस्टरेक्टॉमी, हे मोठं ऑपरेशन आहे. त्यासोबत दोन्ही बीजकोशही काढले, म्हणजे ऊफोरेक्टॉमी केली, तर तिशीतल्या बाईला दुसऱ्या दिवसापासून मेनोपॉज. अंगातून वाफा, झोप उडणं, हाडं लवकर ठिसूळ होणं. बीजकोश हार्मोन बनवतात, हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं. इन्फेक्शनवर गोळ्या होत्या, हेही नाही. काही वेळा गर्भाशय काढावंच लागतं, त्यात वाद नाही. पण बाईने पूर्ण वाक्य ऐकून मग हो म्हणायला हवं. इथे एका सोप्या शब्दावर बोलणं संपलं.

म्हणून मला आता वाटतं, आपल्याला दोन्ही हवंय. शब्द कळणारा हवा आणि खरा हवा. ‘बायकांचं काहीतरी’ हे झाकतं, ‘पिशवी’ हे फसवू शकतं. ‘गर्भाशय’ हा शब्द काही अवघड नाही हो. चौथीतलं पोर ‘प्रकाशसंश्लेषण’ म्हणतं, आपण ‘गर्भाशय’ म्हणू शकतोच की.

परत खारघर

तर आईचे ते तीन शब्द. बल्की युटेरस : गर्भाशय नेहमीपेक्षा थोडं मोठं दिसतंय. हे वर्णन आहे, आजाराचं नाव नाही. नेबोथियन सिस्ट : गर्भाशयमुखावरचा चिकट स्रावाने भरलेला छोटा फुगवटा, बहुतेक वेळा निरुपद्रवी. अ‍ॅडिनोमायोसिस : गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या पेशी त्याच्याच स्नायूंच्या भिंतीत शिरतात, भिंत जाड होते, पाळीला जास्त जातं आणि दुखतं. हा कॅन्सर नाही, आणि पाळी गेल्यावर बहुधा शांत होतो.

आम्ही दोघं बसून वहीत प्रश्न लिहिले. हे नेमकं कशाचं लक्षण? ऑपरेशनशिवाय काय उपाय? ऑपरेशन केलं तर बीजकोश ठेवणार का? थांबलो तर काय होईल? पहिला प्रश्न लिहिताना तिने “तू बाहेर जा, मी लिहिते” म्हटलं. तिसऱ्यापर्यंत तीच सांगत होती, मी लिहीत होतो.

दुसऱ्या एका डॉक्टरांचं मत घेतलं. हिमोग्लोबिन ८.९ निघालं. अस्तराचा तुकडा तपासला, म्हणजे बायोप्सी केली, ती ठीक आली. मग हार्मोन सोडणारं, कॉपर-टीसारखं एक साधन गर्भाशयात बसवलं, सोबत लोहाच्या गोळ्या. हा आईचा उपाय झाला. तुमच्या घरचा वेगळा असेल, तो तुमचे डॉक्टर ठरवतील.

गेल्या आठवड्यात ती मावशीशी फोनवर बोलत होती, स्पीकर चालू. मावशी म्हणाली, “काय गं, काढलीस का पिशवी?” आई म्हणाली, “गर्भाशय म्हण. आणि नाही, काढलं नाही. तुझ्या रिपोर्टचा फोटो पाठव, पोराला वाचायला सांगते.”

आलाय फोटो. आज रात्री वाचायचाय. तुमच्याही घरात असा एखादा रिपोर्ट कपाटात, साड्यांच्या खाली पडला असेल. विचारा. भेटू पुढच्या भागात.